पपा गेले त्या शुक्रवारी आलेल्या काकांना

काका, शालोम.

तुमचं नाव लिहीत नाहीये कारण तुम्ही रागवाल, आणि तसंही ठाण्यात आपण बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आहोत तरी किती, जे वाचतील ते दोन ओळीत ओळखतील. व्हॉट्सअॅपवर थँक्यू टाकलं तर तुम्ही नुसता हात जोडल्याचा इमोजी पाठवून विषय संपवलात, घरी येऊन बोलायला लागले तर म्हणालात "चहा गार होतोय". म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, आता कुठे पळाल.

पपा शुक्रवारी सकाळी पावणेआठला गेले, घरीच, आई पोहे परतत होती. डिसेंबर महिना, म्हणजे सहाला सूर्य मावळणार. पण शुक्रवार आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं, मला फक्त पपा गेले एवढंच कळत होतं. तुम्हाला फोन लावला तर तुम्ही "बारुख दयान हाएमेत" म्हणालात, मृत्यूची बातमी कळल्यावर म्हणतात ते, आणि लगेच पुढचं वाक्य, "डॉक्टरला बोलावलंस का, 4-ए फॉर्म घेऊनच यायला सांग, मी रिक्षात बसतो." खरं सांगते, तेव्हा राग आला होता. बाप गेलाय माझा आणि हे फॉर्म काय विचारतायत. नंतर कळलं की घरी मृत्यू झाला की डॉक्टरने कारण लिहून दिलेला तो कागद लागतो, तो नसेल तर कबरस्तानात गाडी अडते, आणि सूर्य मावळला की शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस, त्यात दफन नाही, मग शनिवारची रात्र नाहीतर रविवार. पपांना दोन दिवस कुठेतरी बर्फात ठेवायचं हे तुम्ही आईला कळूच दिलं नाहीत, सकाळी आठलाच हिशोब करून ठेवला होतात.

मग सोसायटी. आमचे सेक्रेटरी भला माणूस, त्यांनी तुमच्या आधीच फोनाफोनी करून बांबू, मडकं सगळं सांगून ठेवलं होतं, दोन विंगमधून हार आले होते. मला काय बोलावं सुचेना, आपल्यात फुलं नसतात हे त्यांना त्या वेळी कसं सांगायचं. तुम्ही एकाही माणसाला नको म्हणाला नाहीत. हार हातात घेतलेत, थँक्यू म्हणालात, बाल्कनीत पाण्याच्या बादलीत नीट ठेवलेत, आणि सेक्रेटरींना म्हणालात "बांबू राहू दे, मला फक्त चार दणकट माणसं द्या, लिफ्टमध्ये मावणार नाही, पाच मजले जिन्याने उतरायचंय." चार मागितली, अकरा आली.

तुम्ही आणि बाकी तिघांनी हॉलचं दार लावून घेतलं. तहारा, म्हणजे पपांची शेवटची आंघोळ, होईपर्यंत मी, आई आणि काकू किचनमध्ये. दिसत काहीच नव्हतं, फक्त पाण्याचा आवाज. धार मध्ये तुटता कामा नये, एक बादली संपायच्या आत दुसरी ओतायला सुरू करायची, हे काकूंनी हळूच सांगितलं आणि मग मी तेच ऐकत बसले, तुटते का, तुटते का. नाही तुटली. मध्येच तुमचा तेहिलिम, म्हणजे स्तोत्रं, म्हणण्याचा आवाज, तो मात्र एकदा तुटला. तुम्ही आणि पपा एकाच वर्षी शाळेत गेलात ना.

त्याआधी मी एक वेडेपणा केला होता. पपांचं निळं पेन आणून तुमच्या हातात दिलं, कारण ते पेन खिशाला लावल्याशिवाय पपा दूध आणायलासुद्धा गेले नाहीत कधी. तुम्ही पेनकडे बघितलंत, मग काकूंनी शिवलेला तो पांढरा सदरा उलगडून मला दाखवलात आणि म्हणालात "खिसाच नाहीये गं याला." पेन परत माझ्या हातात ठेवलंत, वरून मूठ बंद केलीत. कफनाला खिसा नसतो, गाठ नसते, हे लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण ते खरोखर कापड असतं, त्याला शिवण असते आणि कोणीतरी ते आधीच शिवून कपाटात ठेवलेलं असतं याचा कधी विचारच केला नव्हता. आमच्या कुंडीतल्या सब्ज्याच्या चार काड्याही तुम्हीच तोडून घेतल्यात.

काकूंनी माझ्या कुर्त्याला गळ्याशी डावीकडे कात्री लावली आणि पुढे मीच फाडला, आईचा उजवीकडे. शोकात कपडा फाडतात तो आईबापासाठी डावीकडे, काळजाच्या बाजूला, बाकीच्यांसाठी उजवीकडे. पन्नास वर्षं संसार केलेला नवरा "बाकीच्यांत" कसा हे मला अजून पटलेलं नाही, पण भांडायला तुमच्याकडे नंतर येईन.

माती साडेतीनला झाली. तीन फावडी माती टाकून झाली आणि मी सवयीने फावडं मागच्याच्या हातात द्यायला गेले तर तुम्ही माझं मनगट धरलंत, "खाली ठेव, तो उचलेल." दुःख हातातून हातात द्यायचं नसतं म्हणून, असं तुम्ही रिक्षात सांगितलंत. इस्रायलमध्ये अश्दोदला भाऊ व्हिडिओ कॉलवर होता, तिकडे दुपारचे बारा, फोन तुमच्या नातवाने सबंध वेळ धरून ठेवला होता, बिचाऱ्याचा हात शेवटी थरथरायला लागला.

घरी आलो तर काकूंचा स्टीलचा डबा आधीच आलेला. उकडलेली अंडी आणि अख्ख्या मसुराची आमटी. मातीहून आल्यावर पहिला घास स्वतःच्या घरातला नाही खायचा, म्हणून. आई हात लावेना, शुगर आहे तिला, सकाळपासून पोटात काही नाही. तुम्ही समोर जमिनीवर बसून म्हणालात "वहिनी, मसुराला तोंड नसतं, तुम्हालाही आज बोलायची गरज नाही, नुसतं खा." खाल्लं तिने, अर्धं अंडं.

बरं, सहाच्या आत झालं म्हणून शुक्रवारच शोकाच्या सात दिवसांतला पहिला धरला आणि गुरुवारी सकाळी आम्ही शोकातून उठलो. पण रोज संध्याकाळी प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष जमवणं ही काय गोष्ट आहे ते मला त्या आठवड्यात कळलं. सगळ्या देशात आपण पाच हजार नाही, अर्धी घरं अश्दोद नाहीतर दिमोनाला. मंगळवारी नऊच. तुम्ही बाल्कनीत उभे राहून गेटकडे बघताय, घड्याळ बघताय, कुणाला तरी फोनवर "अरे कळव्याला आहेस ना, मग ये की" करताय. तो ऑफिसच्या बॅगेसकट धापा टाकत आला तेव्हा कुठे कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, झालं. मी बाजूच्या खोलीत उभी. मला मोजत नाहीत याचं वाईट वाटलं होतं, लपवत नाही. तुम्हाला ते कळलं असावं, कारण गुरुवारी जाताना म्हणालात की भाऊ तिकडे अकरा महिने कद्दिश म्हणेल, तू इथे कागद सांभाळ, तेही पपांचंच काम आहे.

तर कागद. 21 दिवसांच्या आत नोंदणी, कबरस्तानची पावती जोड, दाखल्याच्या दहा कॉपी काढ. मला वाटलं दहा कशाला, अकरावी काढायला परत जावं लागलं. आधारवर एक स्पेलिंग, पासबुकवर दुसरं, सिनेगॉगच्या रजिस्टरात हिब्रू नाव तिसरंच. काउंटरवरचा म्हणे आडनाव तर आपलं कोकणातलं, मग दफन कसं? एका बँकेने (नाव नको) हिंदू वारसांचा फॉर्म दिला, मी नाही म्हटल्यावर ख्रिश्चन का विचारलं, मग जैन का. 2016 ला राज्य सरकारने आपल्याला अल्पसंख्याक म्हणून दर्जा दिला म्हणे, पण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आपण अजून "इतर" आहोत. तुम्ही दुसऱ्या दिवशी सोबत आलात, पिशवीतून 1925 च्या भारतीय वारसा कायद्याची झेरॉक्स काढलीत आणि मॅनेजरला शांतपणे वाचून दाखवलीत, मृत्युपत्र नाही म्हणजे बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना सारखं, मुलगा मुलगी भेद नाही. नॉमिनी मी असले तरी मालक मी नाही हेही तिथेच कळलं. भावाची सही तेल अवीवच्या आपल्या दूतावासातून अटेस्ट होऊन आली, त्यालाही महिना गेला, त्या महिन्यात तुम्ही मला सहा वेळा फोन केलात. सगळ्या सह्या मी त्या निळ्या पेनने केल्या.

मेलेल्या माणसासाठी केलेल्या कामाला आपल्यात खरी दया म्हणतात, कारण तो आभार मानायला येत नाही. ठीक आहे, पण मी जिवंत आहे ना काका, मी मानणार.

कबरीच्या दगडावरचा मजकूर तुम्ही तपासून दिलात, मराठीतली एक वेलांटी आणि हिब्रू तारखेतलं एक अक्षर चुकलं होतं. कारागिराने सुधारलंय, फोटो पाठवलाय, बघून घ्या. पुढच्या किसलेवची, म्हणजे पपा गेले त्या हिब्रू महिन्यातली, तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवलीय.

आणि काकूंचा डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा कसा द्यायचा, म्हणून राहिलाय. नव्याच्या सणाला, आपल्या नवीन वर्षाला, आई चिकाचा हलवा करेल असं म्हणतेय, तेव्हा भरून आणते. झाकण मात्र सापडत नाहीये, काकूंना आत्ताच सांगू नका.