सर्टिफिकेट भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

६ मार्च हा भारतातल्या फार्मसी शिक्षणाचे जनक प्रा. महादेव लाल श्रॉफ यांचा जन्मदिवस. राष्ट्रीय फार्मसी शिक्षण दिन म्हणून तो साजरा होतो. सगळी नोकरी डी.फार्म.च्या (फार्मसी पदविकेच्या) मुलांना शिकवण्यात गेलेल्या माझ्यासारखीला त्याचा आनंदच आहे. पण श्रॉफ कशासाठी झटले, हे आपल्या नाशिकच्या मेडिकलच्या काउंटरवर दिसायला हवं.

त्यांच्या उमेदीच्या काळात औषध देणारा म्हणजे कंपाउंडर. बाटलीत मिक्श्चर भरायचं, डोस कळावेत म्हणून खाचा कापलेली कागदाची पट्टी बाटलीला डकवायची, झालं काम. भेसळ आणि अप्रशिक्षित विक्रेते यांचा बाजार किती माजलाय, हे कर्नल रामनाथ चोप्रांच्या समितीने १९३१ मध्ये सरकारपुढे मांडलं. अमेरिकेत शिकून आलेल्या श्रॉफांनी लगेच १९३२ मध्ये, पं. मालवीयांच्या पाठबळावर, बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राचं शिक्षण सुरू केलं. १९३७ पासून तिथे बी.फार्म. ही पदवी आली. औषधनिर्मिती शिकवायला विद्यापीठात वेगळा अभ्यासक्रम कशाला, असं वाटणारा तो काळ! १९३९ मध्ये त्यांनी या विषयाचं संशोधन नियतकालिकही काढलं, त्याचे संपादक तेच. पुढे १९४८ चा फार्मसी कायदा आला. त्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं.

आता आमच्या पंचवटीतली गोष्ट. शेजारच्या आजी म्हणाल्या, “बाई, तोंडभर फोड आलेत, घास गिळवत नाही.” मी त्यांच्या औषधांची पिशवी पालथी केली. सांधेदुखीसाठी लिहून दिलेली मेथोट्रेक्सेट. चिठ्ठीत स्पष्ट होतं, आठवड्यातून एकदा. स्ट्रिपवर मात्र काउंटरवरच्या मुलाने पेनाने लिहिलं होतं, ‘रोज १’. हे औषध रोज घेतलं तर अस्थिमज्जेतलं रक्त तयार होणंच मंदावतं, जीवावर बेतू शकतं. त्यांना तातडीने दवाखान्यात नेलं, त्या बचावल्या. त्या दुकानात फार्मासिस्टच्या नोंदणीचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये आहे, ज्याचं आहे तो तिथे बसत नाही. सर्टिफिकेट भाड्याने लावण्याचा हा धंदा या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्याच काही विद्यार्थ्यांनी असं केलंय, याचं मला अतोनात दुःख होतं. पगार तुटपुंजा, हे खरं. म्हणून मालकांनाही सांगते, फार्मासिस्टला धड पगार द्या आणि त्याला काउंटरवर बसवा.

अन्न व औषध प्रशासनाने तपासणी सकाळी न करता रात्री आठनंतर करावी. तेव्हाच गर्दी असते. आणि कॉलेजांनी ६ मार्चला मुलांना गोळे कॉलनीतल्या औषधांच्या दुकानांत न्यावं, चिठ्ठी वाचून औषध कसं द्यायचं आणि रुग्णाला काय सांगायचं हे त्यांच्याकडून करून घ्यावं.

आपली,
एक निवृत्त फार्मसी अध्यापिका, पंचवटी, नाशिक