व्याज नसलेल्या बँकेचा नफा

संपादक महाशय,

बिनव्याजी बँकिंगचा विषय निघाला की आमच्या ठाण्यात दोन मते हमखास ऐकू येतात. व्याज न घेणारी बँक चालेलच कशी, असे काहीजण विचारतात. तर व्याज वर्ज्य असल्यामुळेच इस्लामी बँका बुडत नाहीत, असे इतर काहीजण ठामपणे सांगतात. आयुष्यभर बँकेत कर्जखाती हाताळलेल्या माझ्यासारख्याला ही दोन्ही मते उथळ वाटतात.

१९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक सुरू झाली तेव्हापासून या बँका नफ्यासाठीच चालत आल्या आहेत. त्यांच्या कमाईचा मोठा भाग ‘मुराबहा’ या व्यवहारातून येतो. भिवंडीच्या यंत्रमागधारकाला नवा माग हवा असेल, तर अशी बँक त्याच्या हाती रोख कर्ज देणार नाही. ती माग स्वतः खरेदी करील आणि किमतीत आपला नफा उघडपणे जोडून ठरलेल्या किमतीला तो त्याला हप्त्यांनी विकील. ही किंमत पुढे बाजारातील दर चढले तरी वाढवता येत नाही आणि हप्ता थकल्यास घेतलेला दंड सामान्यतः बँकेच्या उत्पन्नात न धरता दानधर्माकडे वळवावा लागतो. साहजिकच, वसुलीची चिंता नंतर करण्यापेक्षा ग्राहक आधीच पारखून घेण्यात बँकेचे हित असते, शिवाय मागासाठीचा पैसा भलतीकडे वळत नाही. यशाचे खरे मर्म मला येथे दिसते. नफ्याचे प्रमाण पुष्कळदा प्रचलित व्याजदर पाहूनच ठरते, हा मुस्लिम अर्थतज्ज्ञांनीही घेतलेला आक्षेप मात्र रास्त आहे.

नफा-तोट्यातील भागीदारी हा या विचाराचा गाभा असला, तरी बहुतेक बँकांच्या ताळेबंदात तिचा वाटा लहानच राहिला. ज्याच्या हिशेबाच्या वह्या दोन असतात, त्याच्याशी भागी करायला कोणती बँक धजेल?

अमेरिकी गृहकर्जांवर रचलेल्या रोख्यांपासून दूर राहिल्याने २००८ मध्ये या बँकांना तुलनेने कमी झळ बसली, हे खरे. पण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०१० मधील अभ्यासानुसार, संकट प्रत्यक्ष अर्थव्यवस्थेपर्यंत पोहोचल्यावर २००९ मध्ये काही इस्लामी बँकांचा नफा इतर बँकांपेक्षा अधिक घसरला आणि त्यामागे जोखीम हाताळण्यातील उणिवा होत्या. तुर्कस्तानातील इहलास फायनान्स ही व्याजमुक्त संस्था २००१ मध्ये बंद पडली. तिचा बराच पैसा स्वतःच्याच उद्योगसमूहात अडकला होता. आपल्याकडे पीएमसी ही व्याजावर चालणारी बँक २०१९ मध्ये एकाच बांधकाम समूहाला दिलेल्या कर्जांमुळे कोसळली. रोग तोच होता.

रिझर्व्ह बँकेच्या दीपक मोहंती समितीने २०१५ मध्ये व्याजमुक्त खिडकीची, म्हणजे नेहमीच्याच बँकांत अशा व्यवहारांसाठी वेगळ्या कक्षाची, शिफारस केली, परंतु रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. १९४९ चा बँकिंग नियमन कायदा बँकांना मालाच्या खरेदी-विक्रीस मनाई करतो, त्यामुळे कायदा बदलल्याशिवाय मुराबहा येथे रुजणे अवघड आहे. तोवर ‘हलाल नफा’ देऊ करणाऱ्या खासगी योजनेत पैसे गुंतवण्यापूर्वी, त्या पैशांना बँकठेवींसारखे पाच लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण नसते, हे मुंब्रा-भिवंडीतील ठेवीदारांना कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे. बंगळुरूच्या आयएमए या गुंतवणूक कंपनीच्या प्रकरणात २०१९ मध्ये हजारो कुटुंबांची बचत अशाच आश्वासनावर बुडाली.

— एक निवृत्त बँक अधिकारी, नौपाडा, ठाणे