तेल कोणतं, किती, आणि आया किती?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली 'गरोदरपणी वनस्पती तेल, संततीच्या प्रजननक्षमतेला धोका' ही उंदरांवरच्या प्रयोगाची बातमी वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. रात्री भाचीचा फोन आला. तिला सातवा महिना चालू आहे. "मावशी, आता मी तेल बंदच करू का?" बोलताना तिचा आवाज कापत होता. गरोदर बाईनं सगळं तेल बंद करणं हीच मोठी चूक ठरेल, बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणारी काही मेदाम्लं आहारातूनच यावी लागतात, हे समजावण्यात अर्धा तास गेला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलणार नाही, असं वचन घेऊनच मी फोन ठेवला.

मी २६ वर्षं प्रयोगशाळेच्या प्राणीगृहात तंत्रज्ञ होते. बातमीत जे उंदीर आहेत, तसल्या गाभण माद्यांना तेल पाजण्यात माझी उमर गेली. म्हणून हे पत्र.

बातमीत पिल्लांचा आकडा ठळक अक्षरांत आहे. आया किती होत्या, याचा शब्द नाही. संपादक महोदय, या विषयात पहिला प्रश्न तोच असतो. उंदराच्या एका वेताला दहा-बारा पिल्लं होतात. ती एकाच गर्भाशयात, एकाच आईच्या रक्तावर वाढलेली असतात. त्या आईचं काही बिनसलं तर दहाही पिल्लांत ते दिसू शकतं. म्हणून मोजायची ती आई. दहा आयांची शंभर पिल्लं तपासली तरी हिशेब दहाचाच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका प्रयोगात एक औषध तेलात कालवून द्यायचं होतं. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधासाठी ही नेहमीची पद्धत. तुलनेसाठी एका गटाला नुसतं तेल, कारण तेल निरुपद्रवी असं गृहीत धरलेलं. तेलही न मिळणारा तिसरा गट आराखड्यात होता, तो पिंजरे कमी पडतात म्हणून काढून टाकला. सकाळी योनीच्या स्रावाच्या काचेवर शुक्राणू दिसले की तो शून्यावा दिवस. सहाव्या दिवसापासून विसाव्यापर्यंत रोज पाजायचं. मान सरळ धरायची, गोल टोकाची सुई टाळूच्या कडेनं आत सरकवायची, अडली तर जोर करायचा नाही. पाजून झालं की मादी पुढच्या दोन्ही पायांनी तोंड पुसत बसते.

नुसत्या तेलाच्या गटातली एक मादी इतरांच्या मागून, जवळजवळ दोन आठवड्यांनी गाभण राहिली. तोवर तेलाचा डबा संपला होता. नवा उघडला तर त्याला खवट वास. मी नोंदवहीत लिहिलं, 'डबा बदलला, वास वेगळा.' तिला पंधराही दिवस त्याच डब्यातलं तेल गेलं.

पिल्लं मोठी झाल्यावर त्यांना जोडीला लावलं. या गटातल्या पाच माद्या गाभण राहिल्या नाहीत. मी पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. पाचांतल्या चार सख्ख्या बहिणी, त्याच आईच्या. मी वरिष्ठांकडे गेले. त्यांनी नोंदवही मागवली आणि माझ्या ओळीवर पेनानं रेघ मारली. "तंत्रज्ञानं निरीक्षण लिहायचं, मत नाही." अहवालात 'पाच' एवढाच आकडा गेला. तेलाच्या गटातच पाच, म्हणून औषधाच्या गटातले सहा काही विशेष नाहीत, असा निष्कर्ष निघाला.

दोष डब्याचा होता की त्या आईचाच, मला आजही सांगता येत नाही. ते शोधण्याची वाट त्या रेघेनं बंद झाली. वास हे निरीक्षण नव्हतं तर काय होतं?

तेल म्हणजे औषध पोटात नेणारं नुसतं वाहन नव्हे. मक्याच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलिक आम्ल असतं, त्यापासून शरीरात पुढे प्रोस्टाग्लँडिनं, म्हणजे संप्रेरकांसारखी काम करणारी द्रव्यं, बनतात. सरकीच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. १९७०च्या दशकात चीनमध्ये तेच पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून आठ हजारांहून अधिक जणांना देऊन पाहिलं. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींचे शुक्राणू परत आलेच नाहीत. शुद्धीकरणात मात्र ते निघून जातं. म्हणजे एकाच बियाण्याच्या दोन तेलांत इतका फरक! तुमच्या बातमीत शेवटपर्यंत नुसतं 'वनस्पती तेल'.

मात्राही तशीच गायब. समजा किलोमागे ५ मिलिलिटर दिलं. अडीचशे ग्रॅमच्या मादीला ते सव्वा मिलिलिटर, दिसायला किरकोळ. पण त्यात दहाएक किलोकॅलरी असतात आणि ती दिवसभरात खाते साधारण सत्तर. ६० किलोच्या बाईला वजनाच्या हिशेबानं ३०० मिलिलिटर होतील, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबानं साधारण ५०. यातला कोणता आकडा मनात धरून माझ्या भाचीनं घाबरायचं?

आणि कोणत्या दिवशी पाजलं तेही सांगा. उंदराचा गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा. नर गर्भाचे अवयव नर म्हणून घडण्याचा नाजूक काळ त्यातल्या साधारण पंधराव्या ते अठराव्या दिवसांतला. त्याच सुमारास मादी गर्भाच्या बीजपेशींचीही पुढची वाटचाल सुरू होते. तेव्हाचा धक्का आणि त्याआधीचा धक्का सारखा नसतो.

असले प्रयोग निरर्थक आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. गर्भातला परिणाम संततीत वर्षांनी उमटतो, हे गरोदरपणी डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक घेतलेल्या आयांच्या, तरुणपणी कर्करोग झालेल्या मुलींनी १९७१ साली जगाला दाखवलं. म्हणूनच अशी बातमी अर्धी छापू नये. तेल कोणतं, किती, कोणत्या दिवसांत आणि किती आयांना, एवढं एका वाक्यात मावतं. कृपया तेवढं उद्याच्या अंकात द्या.

जाता जाता, बातमीसोबतचं छायाचित्र रॅटचं नाही, माऊसचं आहे. मराठीत दोघांनाही उंदीरच म्हणतो, हे खरं. पण एक पंचवीस-तीस ग्रॅमचा, दुसरा त्याच्या आठ-दहा पट. मागेही एकदा असंच झालं होतं आणि मी कळवलं होतं. उत्तर आलं नाही.

आपली,
निवृत्त प्राणीगृह तंत्रज्ञ