म्हाताऱ्या वस्तादाचं पुढं काय झालं

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही कराडला सुखरूप पोचल्याचं फोनवर कळलं. पण बाबांना त्यातलं निम्मं ऐकू आलं नाही, आणि आईने नेहमीप्रमाणे “बरं, ठेवते, पैसे जातात” म्हणून फोन ठेवला. आता पैसे जात नाहीत गं आई. असो. एसटी हलता हलता बाबा खिडकीतून ओरडले होते, “त्या म्हाताऱ्याचं पुढं काय झालं ते कळव गं!” शेजारच्या सीटवरच्या बाईने नक्की काहीतरी गंभीर आजारपण समजून माझ्याकडे पाहिलं. तिला काय ठाऊक, तो म्हातारा व्हिडिओ गेममधला वस्ताद! तर कळवते. बाबा, मोठ्याने वाचा, आईचा नवा चष्मा यायचाय अजून.

आधी एक कबूल करते. आईच्या मोतीबिंदूच्या निमित्ताने तुम्ही पाच आठवडे राहायला येणार म्हटल्यावर मी तो स्विच, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, टीव्हीमागे लपवला होता. ४२ वर्षांची बाई, रात्री भांडी आवरून जपानी व्हिडिओ गेम खेळते, हे तुम्हाला कसं सांगायचं? तिसऱ्या रात्री राहवलं नाही म्हणून आवाज बारीक करून लावला, तर बाबा पाणी प्यायला उठलेले. तांब्या हातात धरून पाऊण तास उभे! मग म्हणाले, “घोड्यावरचा तो कोण?” तिथून पुढे रोज साडेनऊची बैठकच सुरू झाली.

त्या खेळाचं नाव ‘लाइव्ह अ लाइव्ह’. १९९४ साली जपानमध्ये स्क्वेअर या कंपनीने काढला, तेव्हा मी सहावीत होते. पण जपानबाहेर तो अधिकृतपणे आलाच नाही. नव्या रूपात जगभर आला तो थेट जुलै २०२२ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी. बाबांनी विचारलं होतं, एकाच गोष्टीत काउबॉय आणि यंत्रमानव कसे काय? कारण ती एक गोष्ट नव्हेच. सात काळातल्या सात गोष्टी, कुठूनही सुरू करा. मूळ खेळात तर सात गोष्टींमधली माणसं सात वेगवेगळ्या जपानी चित्रकथाकारांनी काढली होती. म्हणून एका गोष्टीतलं माणूस दुसरीतल्याच्या घरचं वाटत नाही.

लढाईची पद्धत बाबांना लगेच उमगली. सात बाय सात घरांचा पट, आपण एक घर सरकलो की तेवढ्या वेळात समोरच्याचीही वार करायची तयारी पुढे सरकते. “म्हणजे बुद्धिबळच, पण घड्याळ समोरच्याच्या बाजूचं,” असं बाबा म्हणाले होते. त्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. पट सगळीकडे तोच, पण लढायची तऱ्हा दर गोष्टीत निराळी. काउबॉयच्या गावात खरी लढाई लढायच्या आधीच जिंकायची असते. गुंड यायच्या आत, घंटेचे आठ टोल पडेपर्यंत घराघरातून मिळेल ते उचलायचं आणि गावकऱ्यांकडून सापळे लावून घ्यायचे. जितके सापळे चालतील तितके गुंड कमी होऊन समोर येतात. बाबा, तुम्ही त्या भित्र्या गावकऱ्याला फावडं द्यायला लावलंत आणि मग टोल पडताना माझ्यावरच खेकसलात, “अगं हात उचल की!” दिवाळीच्या गिऱ्हाइकीत दुकानातल्या पोरांवर खेकसायचात अगदी तसंच.

मल्लाच्या गोष्टीत तर ना गाव ना वाट, नुसता प्रतिस्पर्धी निवडायचा आणि भिडायचं. गंमत अशी की त्याचे डाव आपल्या अंगावर खाल्ले की मगच ते आपल्याला येतात. आणि त्या निन्जाच्या वाड्यात शंभर जणांना कापून काढता येतं किंवा एकाही माणसाला न मारता लपतछपत जाता येतं. मला दोन्ही जमलं नाही. माझे अठ्ठावीस मेले, तेही बरेचसे चुकून.

आई, तुझ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. तू डोळ्यावर पट्टी बांधून आतल्या खोलीत पडलेली, म्हणजे तुझ्यासाठी तो खेळ नव्हताच, आकाशवाणीची श्रुतिका होती. आदिमानवाची गोष्ट चालू होती त्या रात्रीची आठवण आहे का? त्या गोष्टीत माणसांना भाषाच सापडलेली नाही. अख्खी गोष्ट हातवारे, हुंकार आणि वास घेत माग काढणं यावर चालते. आणि अगदी शेवटी तो पोरगा आयुष्यातला पहिला शब्द ओरडतो, “आSSइ!” मी जपानी आवाज ठेवलेले, तर आतून तू म्हणालीस, “काय गं? काय पाहिजे?” बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. जपानीत त्या शब्दाचा अर्थ प्रेम. तुला त्या रात्री सांगितला नाही, तू आधीच चिडली होतीस.

पण या सात गोष्टींचा धागा आमच्या दोघांच्या आधी तुलाच सापडला, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय. मल्लाची शेवटची लढाई चालू असताना तू म्हणालीस, “हे वाजलं होतं की मागच्या आठवड्यात. त्या बंदूकवाल्याच्या वेळी.” मी म्हटलं, असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसल्यावर तू म्हणालीस, “आणि सगळ्या दुष्टांची नावं एकसारखीच कशी? तो ओ. डिओ, हा ओडी.” खरं सांगते, चहाचा कप खाली ठेवला मी. संगीत योको शिमोमुरा या बाईंचं आहे, आणि काळ कुठलाही असो, मोठ्या दुष्टाशी गाठ पडली की त्या एकच चाल वाजवतात. दुष्टाच्या नावातही कुठेतरी ‘ओडिओ’ दडलेलं. इटालियनमध्ये ओडिओ म्हणजे द्वेष.

सातही गोष्टी संपल्या की आठवी उघडते, युरोपातल्या सरदारांच्या काळातली. ओर्स्टेड नावाचा सरदार सामना जिंकतो, राजकन्येशी लग्न ठरतं, तिला दैत्य पळवतो, हा सोडवायला निघतो. तुम्हाला वाटेल आता सगळं ठरल्याप्रमाणे होणार. नाही होत. जिवलग मित्रच घात करतो, याच्या हातून राजा मारला जातो, राज्य उलटतं, आणि जिच्यासाठी एवढं केलं तीही याच्याकडे पाठ फिरवते. पूर्ण गोष्टभर ओर्स्टेड एक शब्द बोलत नाही. बोलतो तो शेवटी, स्वतःचं नाव टाकून देऊन ओडिओ व्हायचं ठरवतो तेव्हा. मी रात्री एक वाजता रिमोट मांडीवर ठेवून नुसती बसून होते. सात काळांत ज्याच्याशी लढलो तो या एकाच माणसाचा द्वेष होता. खेळ वर तुम्हाला विचारतो, शेवटच्या अंकात कोण व्हायचंय? सातांपैकी कुणी, की ओर्स्टेड? ओर्स्टेड घेतला तर आपणच दुष्ट होऊन त्या सातांना मारायला निघतो. मी नाही घेतला. आई, तू घेऊ दिला नसतास.

आता म्हातारा. तुम्ही गेलात तेव्हा तो चीनमधल्या डोंगरावर आपल्या कुंगफूचा वारस शोधत होता. त्याचं वय झालंय, लढाया जिंकून त्याची ताकद आता वाढत नाही, वाढते ती शिकणाऱ्यांची. आणि मिळालेत कोण, तर वाटमारी करणारी लेई, खानावळीत फुकट जेवणारा जाड्या हाँग, आणि पाकीटमार काटकुळा युन. कुणाबरोबर किती सराव करायचा हे आपल्या हातात. बाबा, तुम्ही ठाम होतात, “तिघांना सारखं शिकव. मास्तरनं हात आखडता घ्यायचा नसतो.” आणि आतून आईचा आवाज, “पोरीला शिकव.” तुम्ही विचारलंत का, तर आई काही बोलली नाही, कूस बदलली.

मी बाबांचं ऐकल्यासारखं केलं आणि हळूच लेईला जास्त डाव दिले. मग वस्ताद डोंगराखाली गेलेला असताना शत्रूच्या तालमीतली माणसं येतात. तो परततो तेव्हा तिघांपैकी दोघं गेलेले. वाचतो तो ज्याला सगळ्यात जास्त शिकवलं तोच. माझ्या खेळात लेई वाचली. हाँग आणि युन अंगणात पडले होते, आणि मला सारखं वाटत होतं की युनला अजून दोन डाव दिले असते तर. पण मग लेई गेली असती. खेळ हे आधी सांगत नाही, बाबा, म्हणून तुमच्यावर राग नाही. वस्ताद तिला घेऊन शत्रूच्या तालमीत शिरतो, एकेकाला लोळवतो, आणि शेवटचा डाव तिच्या हाती देऊन तिथेच प्राण सोडतो. अखेरच्या अंकात सात काळांतले सात जण एकत्र येतात तेव्हा त्यात तो म्हातारा नसतो. त्याच्या जागी लेई उभी असते, त्याचेच डाव टाकत.

बाबा, तुमच्या दुकानातही तीन पोरं होती. तुम्ही खरंच कुणाला कमी शिकवलं नाहीत, बेतणं, कॉलर, पँटची पट्टी, सगळं. एक रिक्षा चालवतो, एक मुंबईला रेडिमेडच्या कारखान्यात एका रांगेत फक्त बाह्या जोडतो, तिसऱ्याचा पत्ता नाही. आणि मी शाळा सुटल्यावर दुकानात येऊन काजं-बटणं करायचे. सात वर्षं काजं-बटणं. कात्रीला हात लावला की तुम्ही म्हणायचात, “ती जड आहे, पायावर पाडशील.” तक्रार म्हणून लिहीत नाहीये. बरं, थोडी तक्रार आहे. आईने कूस बदलली तेव्हा मला वाटलं तिलाही ते आठवत असावं, पण मी विचारलं नाही. बाबा, वाचून झालं की तुम्हीच विचारा, ती तिथेच बसली असेल.

दादा सांगत होता की तुम्ही दुकानातलं मशीन आणि मोठी कात्री काढायची म्हणताय. मशीन काढा, मला ठेवायला जागा नाही. कात्री काढू नका. दिवाळीला येताना घेऊन या, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात नीट गुंडाळून, नाहीतर पिशवी फाडेल. मी साडेतीन मीटर पांढरं पॉपलिन आणून ठेवलंय. एक शर्ट बेतायचा शिकवा, बिघडला तर दुसरा. रात्री साडेनऊनंतर मात्र टीव्हीसमोर, कारण त्या खेळातली यंत्रमानवाची गोष्ट अजून तुम्ही पाहिलेली नाही. अंतराळयानात तो सगळ्यांना कॉफी देत फिरतो, आणि जवळजवळ कुणाशीच लढत नाही.

आईने थेंब चार वेळा घालायचे, तीन वेळा नाही. बाटलीवर लिहिलंय.

तुमची,
ताई

ता. क. आई, तुझी नणंद म्हणाली की तू गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलीस, मुलगी रात्रभर “जपानी कुस्ती” खेळते. जपानी ठीक आहे, पण कुस्ती त्यातल्या एकाच गोष्टीत आहे.