दुर्मीळ एक, महाग दुसरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोर्शे ९५९ आणि फेरारी एफ-४० या दोन स्पोर्ट्स गाड्यांची तुलना करणारा रविवारच्या पुरवणीतला लेख आवडीने वाचला. फक्त ‘मोजक्याच बनल्या म्हणून एफ-४० महाग’ हे काही पटलं नाही. एफ-४० बनल्या १३११. ९५९ जेमतेम ३०० च्या आसपास. तरी साध्या ९५९ पेक्षा भाव एफ-४० लाच जास्त. मग कसली आलीय मोजकी?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात ३७ वर्षं लेथवर काढली. मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला असते, म्हणून दोन्ही गाड्या बघायचा योग आला. ९५९ तिथल्याच पोर्शेच्या म्युझियममध्ये, एफ-४० इटलीत मारानेल्लोला.

९५९ म्हणजे डोक्याने केलेलं काम. सहा सिलिंडर, इंजिनात जादा हवा कोंबणारे टर्बो दोन, पण दोन्ही एकदम जोर लावत नाहीत. आधी एक, इंजिन चढलं की दुसरा. सिलिंडर हवेवर थंड होतात, हेड पाण्यावर. पुढच्या चाकांना किती ओढ द्यायची, मागच्यांना किती, ते इलेक्ट्रॉनिक्स बघतं. सहा गिअर, पण पहिल्यावर आकडाच नाही, ‘जी’ अक्षर आहे. जर्मनमध्ये गेलेंडे, म्हणजे खडबडीत रान. १९८६ ची पॅरिस-डाकार ही वाळवंटातली शर्यत हिनेच मारली. टायरमधली हवा उतरली तर तेही सांगते.

टर्बो सोडले तर एफ-४० ला यातलं काही नाही. ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारं एबीएस नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, रेडिओसुद्धा नाही. दार आतून उघडायला हँडलच्या जागी दोरी! वजन वाचवायला रंग इतका पातळ मारलाय, की वाकून बघितलं तर खालच्या कार्बन फायबरची कापडासारखी वीण दिसते. आमच्या शेडमध्ये कुणी असा रंग मारला असता, तर मालकाने घासून परत मारायला लावला असता.

टायरची हवा सांगणारं ते यंत्र आज माझ्या जावयाच्या साध्या गाडीत आहे. ९५९ चं बरंच काही असं जगाने उचललं, त्यामुळे तिची नवलाई सरली. दोरीचं दार कोण उचलणार? ते एफ-४० चंच राहिलं. कंपनीचे संस्थापक एंझो फेरारी यांच्या हयातीत आलेली ही शेवटची गाडी, १९८७ ची. भावात तोही वाटा असणारच.

कारागीर म्हणून विचाराल तर माझं मत ९५९ ला. पण खोटं कशाला बोलू, एफ-४० पाशी मंडळींनी तीनदा ‘अहो, चला आता’ म्हटल्यावर पाय निघाला.

आणखी एक. लेखात एफ-४० ची चासी कार्बन फायबरची म्हटली आहे. सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे. कार्बन आणि केव्हलार या चिवट धाग्याचे भाग त्याला चिकटवलेले आहेत. तेवढी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक निवृत्त टर्नर
उद्यमनगर, कोल्हापूर