काका पोंता देल्गादाच्या पुढे गेले

प्रिय दिग्या,

ग्रुपवर टाकता येत नाही, कारण ग्रुपवर काका आहेत. फोन केला तर तू माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उपाय सांगशील, आणि तो नेमका बरोबर निघाला की मला आणखी चीड येईल. म्हणून पत्र. बरेच दिवस माझा पत्ता नव्हता, त्यावरून काय भांडायचं ते नंतर भांड. तब्येत ठीक आहे. एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा, दोनच्या आसपास, बीपी जागेवर, झोपेत हवा देणाऱ्या मशीनचा नवा मास्क नाकाच्या दांडीवर ओरखडे काढतो. झालं.

तर गुरुवारची गोष्ट. तू आला नाहीस, म्हणून मी आणि काका दोघंच आपापल्या पीसीवरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर निघालो. लिस्बन ते अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचं पोंता देल्गादा, दोघांचीही बोईंग ७३७, काका थोडे पुढे. निघताना नेहमीची टेप लागली: एअरबस हे विमानच नव्हे, तो व्हिडिओ गेम आहे वगैरे. तू नसलास तरी तुझ्या नावाने वाजवतात. समुद्रावर आल्यावर बोलणं विरळ झालं. मला वाटलं, चार्ट काढून बसले असतील. थोड्या वेळाने घोरणं सुरू झालं. मी हसलो. लँडिंगचा व्हिडिओ करायचा म्हणून माझं रेकॉर्डिंग चालूच होतं, म्हटलं हे दिग्याला ऐकवायचं.

आणि ते घोरणं मध्येच तुटलं. माइक चालू, त्यांच्या पीसीच्या पंख्याची घरघर ऐकू येतेय, पण माणसाचा आवाज नाही. माझं बोट आपोआप विमानातल्या घड्याळाच्या सीएचआर, म्हणजे स्टॉपवॉचच्या, बटणावर गेलं. होल्डिंगमध्ये घिरट्या घालताना एकेक पाय मोजायला जे बटण वापरतो ना, तेच. दहा सेकंदांच्या वर गेलं की ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबणं, धरायचा, हे तूच मला पढवलेलं. दहा गेले, वीस गेले, तीस गेले. छत्तीसला घशात काहीतरी सुटल्यासारखा खरखरीत आवाज आला, एकदम भसकन हवा ओढली, खुर्ची करकरली, आणि पुन्हा घोरणं चालू. मग पुन्हा बंद. मी किती वेळ तसा बसलो होतो कोण जाणे. इतकं कळलं की मी स्वतःचाही श्वास रोखून धरतोय.

इकडे उतरायची वेळ झाली. तुला माहीतच आहे, एमसीपीत, म्हणजे ऑटोपायलटच्या पॅनलवर, खालची उंची लावली नाही तर बोईंग काही स्वतःहून खाली येत नाही, नुसती ‘रिसेट एमसीपी आल्ट’ अशी विनंती करत राहते. विनंती वाचायला कोणी जागं नव्हतं. नकाशावर त्यांचं विमान छत्तीस हजार फुटांवरून बेटाच्या डोक्यावरून गेलं, रूट संपला आणि आहे त्या हेडिंगवर पश्चिमेला निघालं. मी माझं उतरणं सोडलं आणि त्यांच्या मागे गेलो. गेलो म्हणजे काय, माझं विमान त्यांच्या विमानाला हलवून उठवणार होतं थोडंच! पण त्यांना एकट्याला तिकडे जाऊ द्यावंसं वाटेना. माइकमध्ये ‘काका, काका’ ओरडतोय, आणि त्यांच्याकडे माझा आवाज काकूंसाठी बारीक केलेला. शेवटी खुर्चीतच मान लुढकली असावी, हेडसेट कशावर तरी आपटला आणि आवाज आला: ‘बोला, बोला, ऐकतोय मी.’ मग थोडी शांतता. मग: ‘बेट कुठे गेलं रे?’

बेट शंभर मैल मागे होतं. त्यांनी दोष कुणाला दिला असेल? सिम्युलेटरमधल्या मार्गांच्या माहितीला, नॅव्ह डेटाला. जुना आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत, आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडलं. ऐकायला नाही, नुसतं बघायला. डोंगर, डोंगर, डोंगर, मग सपाट रेघ, मग एक टोकदार सुळका, पुन्हा डोंगर. जिथपर्यंत सरकवावं तिथपर्यंत हेच. माझ्या तपासणीच्या रात्रीचा आलेख तू समजावून दिला होतास तेव्हा म्हणाला होतास, नाकातला प्रवाह शून्य आणि छाती मात्र धडपडतेय, म्हणजे घसा मिटलाय. मेंदू श्वास घ्यायला विसरलेला नाही. इथे छातीचा पट्टा नाही, बोटाला ऑक्सिमीटर नाही, ऑक्सिजन किती खाली जात होता ते कळायला मार्ग नाही. माइकवरून निदान होत नाही हे मलाही कळतं, ते मला सुनावू नकोस. पण ते घोरणं, ती रेघ आणि तो सुळका आपण दोघंही ओळखतो.

आता मागचं एकेक आठवतंय. काका रात्री उठतात आणि वयाला दोष देतात. श्वास अडला की छातीत उलटा दाब तयार होतो, हृदय ताणलं जातं, त्याला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय, आणि ते मूत्रपिंडांना पाणी काढायला सांगतं. हे तूच सांगितलंस तेव्हा मी तुला ‘प्लंबर’ म्हणालो होतो. पण मशीन लागल्यापासून मी रात्रीचा उठत नाही, तेव्हा प्लंबर बरोबर होता. सकाळची डोकेदुखी म्हणे मॉनिटरमुळे. बीपीची गोळी एकाची दोन झाली ती मुलांमुळे. आणि सिग्नलला मागचा हॉर्न मारेपर्यंत डुलकी लागली, हा किस्सा तर त्यांनीच आपल्याला हसत हसत सांगितला होता. आपणही हसलो होतो.

मला झोप लागू देत नाहीये ती ही गाडी. खोट्या विमानात झोपले तर बेट मागे राहतं, एवढंच. पण ते अजून रोज गाडी चालवतात.

आणि हिलोचा किस्सा आपल्याला सांगितला कुणी? काकांनीच. १३ फेब्रुवारी २००८, हवाई बेटांवरच्या होनोलुलूहून हिलोला निघालेलं विमान, दोन्ही पायलट गाढ झोपलेले, १८ मिनिटं रेडिओला उत्तर नाही, आणि विमान हिलोच्या पुढे २६ नॉटिकल मैल समुद्रावर. नशीब, जागे झाले आणि नीट परत आणून उतरवलं. पुढे कॅप्टनला गंभीर स्लीप ॲप्निया असल्याचं निघालं. काकांनी हे कशासाठी सांगितलं होतं? तर आपल्या दोघांचं नाव ‘हिलोवाले’ ठेवायला! तू मास्क लावून कॅमेऱ्यासमोर आलास त्या दिवशी ‘गणपती बाप्पा, सोंड आवरा’ म्हणाले होते. तू त्यांच्याशी नीट बोलत नाहीस ते तेव्हापासून, की एअरबसवरून वाजलं तेव्हापासून, मला कधीच कळलं नाही. बहुतेक तुम्हालाही आठवत नसेल.

पेच असा की आपण तिघं कधी समोरासमोर भेटलेलो नाही. काकू म्हणजे मागून येणारं ‘आता बास करा ते विमान’ एवढंच. त्यांचा नंबर मात्र तुझ्याकडे आहे. तू काकांना रॅमच्या दोन पट्ट्या पाठवल्यास तेव्हा पार्सलवर त्यांचाच नंबर होता. म्हणून हे सगळं तुला. पण नवऱ्याच्या झोपेचं रेकॉर्डिंग बायकोला पाठवणं बरं दिसतं का? मला दिसत नाही. आणि काकांनाच पाठवलं तर ‘माझ्यावर पाळत ठेवतोस?’ म्हणून ग्रुप सोडतील. मग उठवायलाही कोणी उरणार नाही.

काकांचा स्वभाव तुला ठाऊक. चालतंय त्याला हात लावायचा नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तरी ते त्याच्यावरच आहेत, कारण बोर्डावर विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची चिप नाही आणि नवा बोर्ड म्हणजे थोतांड. घशाचंही तेच होणार. डॉक्टर म्हटलं की विषय संपला. पण आकडा दाखवला तर? लँडिंग रेटवर, म्हणजे टेकताना विमान मिनिटाला किती फूट खाली येतंय त्या आकड्यावर, काकांचा जेवढा विश्वास आहे तेवढा देवावर नसेल. वजा १८० आलं की आठवडाभर स्वारी खुशीत. म्हणून वाटतं, आवाज ऐकवायचाच नाही. तू तुझे जुने आलेख काढ, मशीन लागायच्या आधीचे आणि नंतरचे, आणि फ्लाइट डेटा म्हणून समोर ठेव. एएचआय तासाला तीसच्या वर गेलं की गंभीर. तू त्याच्या किती वर होतास ते सांग. घरीच एक रात्र बोटाला क्लिप, नाकाशी नळी आणि छातीला पट्टा लावून झोपायचं असतं, एवढंच सांग. डॉक्टर हा शब्द शेवटी.

आणि सोबत आपलं मशीन शोधणाऱ्या सुलिवनची गोष्ट सांग. १९८० साली सिडनीत कॉलिन सुलिवनने व्हॅक्यूम क्लीनरचा ब्लोअर उलटा लावून एका रुग्णाच्या नाकात हवा सोडली. त्याआधी खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक. १९८१ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं. जुगाडातून निघालेलं यंत्र म्हटलं की काका वितळतात. मी सांगितलं तर म्हणतील, तू दिग्याचा शागीर्द. तू स्वतः सांगितलंस, तेही भांडण सोडून, तर निदान चकित तरी होतील.

आता तुझं. माझा पीसी ऐन उतरताना थ्रॉटलशी संपर्क सोडून द्यायचा ना, तू शप्पथेवर पॉवर सप्लाय म्हणाला होतास? पॉवर सप्लाय नव्हता, विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवत होतं. डिव्हाइस मॅनेजर, रूट हब, पॉवर मॅनेजमेंट, तिथली खूण काढली आणि खलास. मागे रॅमच्या वेगाच्या सेटिंगच्या वेळीही तू पॉवर सप्लायच म्हणाला होतास. तुला काहीही विचारलं की पॉवर सप्लाय. असो. आईंचा गुडघा कसा आहे? मुलीला हवी ती शाखा मिळाली का? नवीन ऑफिसात खिडकी आहे म्हणालास, छान. सविस्तर लिही, मी घाईत विचारतोय असं समजू नकोस, विचारतोय घाईतच.

शनिवारी परतीची फ्लाइट लावलीय. त्याआधी काकूंना फोन कर. आलेखाचं काकांकडून होईल तेव्हा होवो. निदान तोवर गाडी मुलाने चालवावी एवढं तरी त्यांच्या कानावर घाल.

तुझा,
कायमचा फर्स्ट ऑफिसर

ता. क. रेकॉर्डिंग मी पुसलेलं नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी मागितलं तर द्यायचं, तेही काकांना विचारूनच. तोवर ते आहे हे तुझ्यामाझ्यातच.