मुलं भाजी खात नाहीत की आपण धड भाजी वाढत नाही?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आमच्याकडे पालक मीटिंग असली की एक तक्रार ठरलेली, आमचा बाबू भाजीला तोंडच लावत नाही, आणि मग सगळ्या आया मान डोलावतात आणि विषय संपतो. मला यावर जरा वेगळं सांगायचंय. माझी दोन्ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, शाळा व्यवस्थापन समितीत असल्यामुळे दुपारच्या खिचडीला अधूनमधून जाऊन बसते, तिथे जे दिसतं त्यावरून लिहितेय.

शाळेतल्या पोषण आहाराचा नियम असा आहे की पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम. 50 ग्रॅम म्हणजे चांगली मूठभर चिरलेली भाजी. आता ताटात बघा, पिवळ्या भातात कोबीचे चार धागे आणि बटाट्याची एखादी फोड, बास. तांदूळ सरकारकडून येतो पण भाजी ठरलेल्या खर्चातून गावातच घ्यायची असते, त्यामुळे बाजार चढला की पहिली कात्री भाजीला लागते. 2023 च्या जुलैत टोमॅटो शंभरच्या वर गेला तेव्हा तर टोमॅटो गायबच झाला होता. यात खिचडी करणाऱ्या मावशींना दोष देऊ नका, तुटपुंज्या मानधनात त्या एवढ्या पोरांचं रांधतात.

आणि भाजी पडते ती तरी कशी, दुधीच्या मोठ्या फोडी भाताबरोबरच शिजवायच्या, गिळगिळीत होतात, पोरं एकेक फोड बोटाने उचलून ताटाच्या कडेला लावून ठेवतात. मोठ्या माणसाने तरी खाल्ली असती का ती? पण एकदा मावशींनी शेवग्याचा पाला बारीक चिरून, वर लसणाची खमंग फोडणी देऊन डाळीत घातला, तर तीच पोरं वाटी पुढे करून परत मागत होती. पाला शाळेमागच्या झाडाचाच, एक रुपया खर्च नाही. आमच्याकडे घरोघरी चाकवताचं, पालकाचं गरगटं होतं, मेथीचे धपाटे होतात, पीठ पेरून पातीची भाजी होते, हे सगळं मुलं घरी आवडीने खातात की. मग शाळेतच दुधी नि कोबीचा एवढा हट्ट कशाला.

घरचंही बोलते. दोन घास खा मग चॉकलेट देते, हे कृपा करून बंद करा, पोराला एवढंच कळतं की भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस. भाजी मिक्सरमधून काढून लपवून घालणं पण मला पटत नाही, पोट भरेल पण पोराला कारलं काय नि गवार काय कधी कळणारच नाही. लहान मुलांना कडू चव आपल्यापेक्षा जास्त जाणवते, आणि नवी भाजी आवडायला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा पुढ्यात यावी लागते हे बालआहाराच्या अभ्यासात दिसलंय. आपण दुसऱ्या वेळेलाच म्हणतो, याला नाही आवडत. थोडीशीच वाढा, आपण स्वतः शेजारी बसून तीच भाजी खा, आणि नाही खाल्ली तर ओरडू नका, परत चार दिवसांनी करा. मुलांना मंडईत नेऊन निवडू द्या, शेंगा सोलायला बसवा, हाताखालून गेलेली भाजी पोरं चाखून तरी बघतात.

आपल्या पेपरमार्फत पालकांना विनंती आहे की महिन्यातून एकदा तरी दुपारच्या सुट्टीत शाळेत जा. वाढायच्या आधी मोठ्या माणसांनी जेवण चाखायचं हा नियमच आहे, चव नोंदवही मागा, खाऊन बघा आणि भाजी किती होती, कशी होती ते तिथेच लिहा. शाळेमागे चार वाफे निघत असतील तर मेथी, पालक, आंबट चुका लावा, हात-ताटं धुतलेल्या पाण्यावरही येतात. आणि भाजीचे दर चढले की भाजीचा खर्चही त्याच महिन्यात वाढवून मिळावा, वर्षभर वाट बघायला लावू नये, ही मागणी आपण शिक्षण खात्यापर्यंत पोचवावी.

आपली,
एक पालक, सातारा जिल्हा